दारमा कोन शे?

अक्का, आखाजी, कॅलेंडरातली अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आली. दरवर्षी या सुमाराला तुला माहेरी न्यायला मी मुराळी होऊन धुळ्याला यायचो. तुझी गच्च भरलेली पिशवी उचलायचो आणि पारोळ्याच्या एस.टी.त तुला खिडकीची जागा मिळेपर्यंत कंडक्टरशी वाद घालायचो. तू येणार म्हणून आई आठ दिवस आधीच निंबाला झोका बांधायला लावायची. सदतीस वर्षांची बाई, दोन लेकरांची आई, आणि झोक्यावर बसायला सगळ्या पोरींच्या आधी तू! यंदा आईने झोक्याचं नाव काढलं नाही. दोर माळ्यावरच पडून आहे.

यंदा मी धुळ्याला जाणार तो तुझ्या घागरीसाठी. आपल्याकडे आखाजीला माहेरवाशिणी येतात आणि त्याच दिवशी पितरंही येतात, हे मला कळत होतंच. पण या दोन पाहुण्यांच्या याद्या वेगळ्या, असं मी धरून चाललो होतो. तू वीस दिवसांच्या काविळीत एका यादीतून दुसऱ्या यादीत गेलीस. मला या गोष्टीचा फार राग आलाय. तुझाही आलाय, खोटं कशाला बोलू?

खोटं म्हणताच हात थांबला बघ. कारण मुळात तेच लिहायला बसलोय. मी तुझ्याशी एकदा खोटं बोललो, तुझ्या डोक्यावर हात ठेवून. राखीचा दिवस होता. माझ्या तळव्याला तुझ्या केसांचं तेल लागलं होतं, ते मी पँटला पुसलं. त्याला दहा वर्षं झाली. माणूस शिकलेला असो, सरकारी नोकर असो, खोटी शपथ घेतली की ज्याची घेतली त्याला ती बाधते, हे आपल्या हाडात बसलेलं असतं. तू गेल्यावर तेराव्या दिवशीच्या गंधमुक्तीपर्यंत मी एकच गोष्ट धरून बसलो होतो. अक्काला काविळीने नेलं नाही, मी नेलं. कोणाशी बोललो नाही. लोकांना वाटलं, भावाला धक्का बसलाय.

पहिल्यापासून सांगतो. तुला सगळं माहीत आहे, तरी सांगतो. तू मध्ये बोलायची नाहीस, हा एकच फायदा झालाय तू गेल्याचा.

चौऱ्याऐंशी साल. मी जळगावला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, खोलीवर आम्ही तिघं. परीक्षेच्या आधी भरदुपारी स्टोव्हवर चहा ठेवला होता आणि मागून कोणीतरी म्हणालं, "सुरेश." पुरुषाचा आवाज. रागाचा नाही, प्रेमाचा नाही, शाळेत हजेरी घेतात तसा. मी "ओ" म्हणून वळलो. मागे भिंत. त्या आठवड्यात दोनदा झालं, पुढच्या आठवड्यात रोज. खोलीतली पोरं आधी हसली, मग हसेनाशी झाली. मग मला वाटू लागलं की पोरांनाही हाक ऐकू येते आणि ती मुद्दाम गप्प बसतात. झोप उडाली. मी परीक्षा सोडून गावी आलो, आणि आईने माझा चेहरा बघितला आणि पदर तोंडाला लावला.

कारण आपल्या घरात मामा होऊन गेला होता. आईचा धाकटा भाऊ. तोही असाच रिकाम्या खोलीत कोणाला तरी "ओ" द्यायचा. आपण लहान होतो, आपल्याला गंमत वाटायची. पुढे तो जेवेना, न्हायेना, कोणी विष घातलं म्हणून ताट फेकायचा. एकदा पारोळ्याच्या बाजारातून कुठे निघून गेला तो आजतागायत आला नाही. आईने मला बघितलं आणि तिला मामा दिसला. भगताकडे न्यायचं ठरलं. कोंबडासुद्धा बघून ठेवला होता. तेवढ्यात तू आलीस, सासरहून, न बोलावता. कोणी कळवलं तुला कोण जाणे! चपला न काढता ओट्यावरून म्हणालीस, "भगत नको न बिगत नको. याले मी धुळाले डाक्टरकडे लई जासू." आणि कोंबड्याची त्या रात्री भाजी केलीस. भगताच्या नावाचा कोंबडा आपण खाल्ला म्हणून आबा आठ दिवस तुझ्याशी बोलले नाहीत.

धुळ्यात तेव्हा डोक्याच्या डॉक्टरकडे कोण उजळ माथ्याने जात होतं! तू गावात सांगितलंस, "सुर्याना कान दुखस, कानना डाक्टर शे." तुझ्या त्या थापेपायी आजही गावात लोक माझ्याशी ओरडून बोलतात. परवा तुझ्या दहाव्याला गावच्या तात्यांनी माझ्या कानाशी येऊन बोंब ठोकली, "धीर धर रे पोरा!" मला इतकं हसू आलं, अक्का, की तोंडावर उपरणं घ्यावं लागलं. बायकांना वाटलं मी हुंदका दाबतोय. मग खरंच हुंदका आला.

डॉक्टर तरुण होते. जिना चढून वरती त्यांचा दवाखाना, बाकावर आपण दोघं. मामाचं सगळं तू सांगितलंस, काही लपवलं नाहीस. त्यांनी मला पुष्कळ विचारलं. शेवटी तू पदर सावरून सरळच विचारलंस, हा मामासारखा होणार का? ते म्हणाले, "ताई, हा आजार नाही. आजार येऊ शकेल अशी जागा आहे. अशा पोरांपैकी काहींना पुढे आजार होतो, पुष्कळांना होत नाही. याला होईल की नाही ते मला आज ओळखता येत नाही, आणि येतं असं जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका." झोप नीट, जेवण नीट, भांगेला हात लावायचा नाही, एकटं राहायचं नाही आणि वर्षातून दोनदा येऊन दाखवायचं. थोड्या गोळ्याही दिल्या, झोपेपुरत्या. जिना उतरताना तू म्हणालीस, "हाऊ मानूस खरा शे." मला मात्र राग आला होता. आजार आहे म्हणाला असता तर रडलो असतो, नाही म्हणाला असता तर पेढे वाटले असते. हे काय मधलंच? पाऊस पडेल किंवा पडणार नाही, असं सांगायला पैसे कशाला द्यायचे!

ते वर्षभर मी तुझ्याच घरी राहिलो, देवपुरात, दोन खोल्यांत. दाजी शाळेत क्लार्क, मोजकं बोलणारा माणूस. बायकोचा भाऊ पथारी टाकून बसलाय, हे त्यांच्या कपाळावर मला रोज लिहिलेलं दिसायचं. निदान तेव्हा मला तसं वाटायचं. तू मला रिकामं बसू द्यायची नाहीस. दळण, रेशन, पोरीला शाळेत सोडणं. सकाळी उठल्या उठल्या तुझा पहिला प्रश्न, "नींद लागनी का?" दुसरा, "सपन काय पडनं?" मी चिडायचो. म्हणायचो, मी तुझा भाऊ आहे का मोसंबीचं कलम? रोज उकरून बघतेस मूळ धरलं का म्हणून!

हळूहळू झोप आली. संशय गेला. लोक माझ्याबद्दल बोलतात, असं वाटणं थांबलं. मी परीक्षा दिली, मोजणी ऑफिसात लागलो. सगळं गेलं, पण हाक तेवढी गेली नाही. रोजची महिन्यावर आली, कधी दोन महिन्यांवर, पण गेली नाही. आणि त्या राखीला तू ताट बाजूला ठेवून मनगट घट्ट धरलंस, "खरं सांग. हाक येस का आजून?" मी म्हटलं, नही. तू म्हणालीस, "मन्हा डोकावर हात ठेव." मी ठेवला. तुझ्या तोंडाकडे बघून मला खरं बोलवेना गं. दोन वर्षं तू माझ्यापायी धड जेवली नव्हतीस. राखी बांधलीस, पेढा कोंबलास, आणि मी संध्याकाळच्या एस.टी.ने परत गेलो.

डॉक्टरांना मात्र मी खरं सांगायचो. तू बाहेर बाकावर बसायचीस तेव्हा. ते विचारायचे, कामावर जातोस? जेवतोस, झोपतोस? हाक आली म्हणून तिच्यामागे जातोस का? मी म्हणायचो, आधी बघतो खरी आहे का. ते म्हणायचे, मग चाललंय ते चालू दे. आजार आला नाही म्हणजे सगळं गेलं असं नसतं, आणि हाक येते म्हणजे आजार आला असंही नसतं. पुष्कळ लोक असंच थोडंसं काहीतरी बरोबर घेऊन जन्म काढतात. आणि दर वेळी शेवटी हेच, "बहिणीला सांगून टाक." मी हो म्हणायचो. जिना उतरेपर्यंत ते हो विरून जायचं.

हाक खरी आहे का ते मी कसं बघायचो, हे तुला कधी सांगितलं नाही. ही माझी युक्ती, तुझ्या घरी राहत होतो तेव्हाच लागलेली, मोजणीच्या कामात पक्की झालेली. बांधाच्या मोजणीला साखळीचं एक टोक माझ्याकडे, दुसरं आमच्या शिपायाकडे, गोविंद आबांकडे. ऊन, मोकळं रान, लांबून दोन भाऊबंद हद्दीवरून एकमेकांना शिव्या देताहेत. अशात हाक आली, "सुरेश." आता ही कोणी मारली? रानात माणसं असतात, खरीही असू शकते. मग मी काय करायचो, हाकेकडे बघायचोच नाही. आबांच्या मानेकडे बघायचो. आबांची मान वळली तर हाक खरी. नाही वळली तर ती माझी एकट्याची, सोडून द्यायची आणि पुढची साखळी टाकायची. इतकं सोपं. बारा वर्षं मी माणसांच्या माना बघत जगलो. ऑफिसात, लग्नात, एस.टी.त. मला भेटणाऱ्याला वाटायचं, हा माणूस आपल्याकडे किती लक्ष देतो!

आणि म्हणून तुझं घर मला इतकं आवडायचं, अक्का. सुरुवातीचे दिवस सोडले तर तुझ्या घरी मला खोटी हाक कधीच आली नाही. कळण्याच्या भाकरी थापत बसलेली तू, मी पाटावर, आणि हाक यायची. मी चटकन तुझ्याकडे बघायचो, तर तुझी मान दाराकडे वळलेली! "दारमा कोन शे रे?" म्हणत तू पिठाच्या हातांनी उठायचीस, बाहेर डोकावायचीस. "कोनी नही. शेजारनं पोरगं व्हतं, पळी गयं." माझा जीव भांड्यात पडायचा. खरी हाक होती तर! शेजारचं पोरगं होतं! त्याच्यावर माझा इतका जीव होता की एकदा त्याला लिमलेटच्या गोळ्या नेल्या होत्या. आता आठवतं, तो पोरगा गोळ्या घेऊन माझ्याकडे खुळ्यासारखा बघत राहिला होता.

डॉक्टरांना मी सांगितलं, बहिणीच्या घरी हाक येत नाही. त्यांनी फाइलीत लिहून घेतलं. दोन दिवसांची सुटी मिळाली की मी पारोळ्याहून धुळ्याची गाडी धरायचो, आणि आई म्हणायची, याचं खरं सासर धुळ्याला आहे.

सासरावरून आठवलं. तो वाद अर्धाच राहिला. अंमळनेरची मुलगी. पाहण्याचा कार्यक्रम झाला, मला पसंत होती. तू मध्यस्थाला सांगितलं होतंस, "पोरगानं बठ्ठं बरं शे." आणि मी दुसऱ्या दिवशी मुलीच्या भावाला एस.टी. स्टँडवर गाठून सगळं सांगून टाकलं. मामा, हाक, डॉक्टर, सगळं. त्याने चहा पाजला, हात हातात घेतला, आणि चार दिवसांनी नकार कळवला. तू पिसाळलीस. माझ्या घरी येऊन, आईआबांसमोर. "तू आजारी शे का?" नही, मी म्हटलं. "मंग सांगं काबरं?" मी म्हटलं, कारण मी बराही नाही. तू हातातली पिशवी खाली आपटलीस. "बरा नही, आजारी नही, मंग तू शे तरी काय रे?"

मी पिशवी उचलून ठेवली. तीन महिने तू बोलली नाहीस. मग बोललीस, पण त्या प्रश्नाकडे आपण दोघंही पुन्हा फिरकलो नाही. आता लक्षात येतं, त्या भांडणात मीच तुला कळवलं होतं की शपथ खोटी होती. बरा नाही, असं माझ्याच तोंडून गेलं होतं. तू ते धरून मला पकडू शकली असतीस. पकडलं नाहीस. मी मनात म्हटलं, बरं झालं, अक्काच्या ध्यानात आलं नाही. काय मी तरी शहाणा!

आता दवाखान्यातलं. हे लिहायला मला दोन दिवस लागले. शेवटच्या आदल्या दिवशी दुपारी वॉर्डात मी एकटाच तुझ्याजवळ होतो, दाजी औषध आणायला गेले होते. तुझे डोळे मिटलेले, हळदीसारखे पिवळे हात. मी ठरवून आलो होतो, आज सांगायचं. तुझ्या कानाशी वाकलो, म्हटलं, "अक्का, ती शप्पत..." आणि तेवढ्यात हाक आली. अगदी स्वच्छ. "सुरेश." मी सवयीने तुझ्याकडे बघितलं. तुझी मान दाराकडे वळली. डोळे मिटलेलेच, पण मान वळली. उशीवर केवढीशी, बोटभर. मला वाटलं, कोणीतरी खरंच बोलावतंय, डॉक्टर असतील, काही आणायला सांगत असतील. मी उठून धावत बाहेर गेलो. व्हरांड्यात कोणी नाही. नर्सला विचारलं, मला हाक मारली का कोणी? ती म्हणाली, नाही हो. मी जिन्यापर्यंत जाऊन आलो. परत आलो तर तुला ग्लानी आली होती. त्यातून तू पुन्हा वर आली नाहीस.

अर्धं वाक्य राहिलं. ती शप्पत, एवढंच तुझ्या कानात गेलं. तेरा दिवस मी त्या हाक मारणाऱ्याला शोधत होतो. कोण होता तो, ज्याने मला तुझ्यापासून उठवलं? भेटला असता तर त्याला मारलं असतं.

गंधमुक्तीच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले. पोरं आजीजवळ झोपली होती. दाजी आणि मी तुझ्या स्वयंपाकघरात चहा घेत बसलो. तुझा पोळपाट भिंतीला टेकून उभा होता. आम्ही दोघं काय बोलणार? बारा वर्षांत बोललो नाही. तेवढ्यात हाक आली, आणि मी चटकन मान वर करून दाजींकडे बघितलं.

दाजींची मान दाराकडे वळली. "कोन शे?" म्हणाले. बशी खाली ठेवली, गुडघ्यावर हात टेकून उठले, दार उघडून बाहेर बघितलं, दोन्हीकडे. मग आत येऊन बसले. "कोनी नही. वारा शे."

अक्का, वारा नव्हता. झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं. आणि ते उठले होते अगदी तुझ्यासारखे. तोच सूर, तीच दोन्हीकडे बघण्याची रीत. मग बारा वर्षांत जे तुला विचारलं नाही ते त्यांना विचारलं, "दाजी, खरं सांगा. तुमले हाक उनी का?"

त्यांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "नही रे भो. माले कधीच नही उनी."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मी तुझ्याकडे राहायला आलो त्याच वर्षी तू ओळखलं होतंस. बोलता बोलता हा एकदम मान वर करतो आणि आपल्या तोंडाकडे बघतो, आणि आपण नुसतं बघत राहिलो की याचा चेहरा पडतो. तू घरातल्या सगळ्यांना बसवून सांगितलं होतंस. दाजींनी तुझेच शब्द सांगितले, "सुर्यानी अशी मान वर करी का बठ्ठासनी दारकडे देखानं. त्याले एकलं वाटाले नही जोयजे." पोरांनाही शिकवलं होतंस. धाकटं तर शाळेत जाण्याआधी हे शिकलं. आणि मी मूर्ख, मोजणी ऑफिसातला माणूस, दुसऱ्यांच्या जमिनीची हद्द बोटाबोटाने सांगणारा! माझ्याच पायाखालचा दगड तुम्ही सगळ्यांनी मिळून बारा वर्षं सरकवलेला, आणि मला पत्ता नाही!

मला आधी संताप आला. खरंच आला. म्हणजे माझी एकुलती एक खूण, जिच्यावर मी जगलो, तीच तू खोटी करून ठेवलीस? डॉक्टरांच्या फाइलीतसुद्धा खोटं लिहिलं गेलं तुझ्यामुळे. तू समोर असतीस तर मी पिशवी आपटली असती. मग आठवलं, मामाला हाक यायची तेव्हा आपण सगळे मामाकडे बघायचो. आई, आबा, शेजारी, तू, मी, सगळे त्याच्याच तोंडाकडे. मला आली तेव्हा तू दाराकडे बघितलंस. डॉक्टर म्हणतील, त्याने आजार येत नाही किंवा जात नाही. म्हणू देत. मामा बाजारातून निघून गेला आणि मी दर सुटीला गाडी धरून तुझ्या दाराशी आलो, एवढं मला दिसतं.

मी दाजींना वॉर्डातलं सांगितलं. शुद्ध नसताना तुझी मान वळली ते. ते टॉवेलने तोंड पुसत राहिले, नुसतंच, बराच वेळ. या माणसाला मी दगड समजत होतो.

शेवटी शपथेचं विचारलं. म्हटलं, मी खोटी शपथ घेतली होती, तिच्या डोक्यावर हात ठेवून, आणि ती गेली. दाजी एकदम वर बघून म्हणाले, "आरे येडा, ती शप्पत कोठे राहिनी आते? तू मोटार धरीसन गया, आन ती माले म्हने, खोटी खादी त्यानी, पन मी 'सुटनी' म्हनी टाकं."

सुटली. लहानपणी खेळताना म्हणायचो तसं. चिंचेखाली, एकमेकांच्या गळ्याला चिमटा काढून घेतलेल्या शपथा, आणि मग घाबरून, सुटली म्हण ना गं, सुटली म्हण. तू मला कधी लगेच म्हणायची नाहीस, आधी तुझ्या वाटचं पाणी आणायला लावायचीस. आणि एवढी मोठी शपथ तू एस.टी. वळणावर दिसेनाशी व्हायच्या आत सोडून दिलीस, मला न सांगता. दहा वर्षं मी ओझं वाहिलं, आणि ते पहिल्याच संध्याकाळी तू उतरवून ठेवलं होतंस.

मला तू हवी आहेस, अक्का. दुसरं काही नाही. तुला सगळं माहीत होतं, हे कळल्यावर तुझ्यासमोर एकदा बसायचंय. काही न लपवता, तू भाकरी थापते आहेस आणि मी म्हणतोय, आत्ता आली बघ. आणि तू म्हणतेस, माले नही उनी. एवढंच. एकदाच. तुझा प्रश्नही डोक्यात आहे, बरा नही, आजारी नही, मंग काय? मी तुमच्यात राहिलेला माणूस आहे, अक्का. यापेक्षा नीट उत्तर मला येत नाही. त्यावर तू कपाळाला हात लावला असतास ते दिसतंय.

आणि एक सांगतो. ती हाक अजूनही त्याच माणसाच्या आवाजात येते. तू गेल्यावर मला वाटलं होतं, निदान आता तुझ्या आवाजात येईल. मी वाट बघतो. रानात साखळी टाकून मुद्दाम थांबतो, गोविंद आबा वैतागतात. बारा वर्षं जी नको म्हणत आलो, तीच आता तुझ्या आवाजात मागतोय, आणि तशी येत नाही. "सुर्या" म्हणून कोणी हाक मारत नाही.

दाजींनी बोलावलंय, आखाजीले ये. सकाळी उंबरठा धुतील, घागर मांडतील, तिच्यावर खरबूज ठेवतील. मग दाजी कुंकवाचं एकेक बोट उंबरठ्यावर ओढत गेलेल्यांची नावं घेतील. तुझ्या सासऱ्यांचं, सासूबाईंचं, आणि शेवटच्या बोटाला तुझं. मोठ्याने, हाक मारल्यासारखं. तेव्हा मी कोणाच्याही मानेकडे बघणार नाही. माझीच मान दाराकडे वळवीन, उठून बाहेर जाईन, आणि दोन्हीकडे नीट बघून येईन, दारमा कोन शे म्हणून.